नाही कोणाला म्हणणार?

विधानसभेची निवडणूक लढवायची तर उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. जमीनजुमला किती, सोनेनाणे किती, ठेवी किती आणि देणी किती, शिक्षण कुठवर झाले, अंगावर खटले कोणते, हे सगळे त्यात शपथेवर लिहून द्यायचे असते. हा तपशील मागण्याचा हक्क मतदारांना सहजासहजी मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला, संसदेने कायदा दुरुस्त करून त्याची धार कमी केली, आणि २००३ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती बाजूला सारली. तेव्हा कुठे आज आपण उमेदवाराची मालमत्ता घरबसल्या वाचू शकतो. पण हे प्रतिज्ञापत्र पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचले तरी एक गोष्ट कळत नाही. हा माणूस निवडून आला तर पाण्याबद्दल, शाळा-दवाखान्यांबद्दल, शेतमालाच्या भावाबद्दल, राज्यावरच्या कर्जाबद्दल तो कोणती भूमिका घेईल?

कायद्याने तसा रकाना घालावा, असे आमचे म्हणणे नाही. मालमत्ता ही वस्तुस्थिती असते. ती खरी सांगितली की खोटी, हे तपासता येते. धोरणाविषयीचे मत परिस्थिती पाहून बदलू शकते, काही वेळा बदलायलाच हवे. ते शपथेवर लिहून घेतले तर प्रत्येक बदललेल्या मताचा खटला उभा राहील. मात्र कायद्याने जे मागता येत नाही ते मतदाराने, वार्ताहराने, तालुक्यातल्या शेतकरी संघटनेने, शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या संघटनेने मागायचे असते. तिथे आपण कमी पडतो.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीकडे आता जरा अंतरावरून पाहता येते. २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ ला थांबला, २० ला मतदान झाले. भाजपचे संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' दोन्ही एकाच दिवशी, १० नोव्हेंबरला जाहीर झाले. मतदानाला तेव्हा दहा दिवस उरले होते. जाहीरनामा पक्षाचा असतो, मत मात्र मतदारसंघातल्या एका माणसाला द्यायचे असते. त्या माणसाची स्वतःची भूमिका काय, ही गोष्ट पक्षाच्या छापील पानांत आणि सभेच्या भाषणात हरवून गेली.

भूमिका कशाला म्हणायची, हे आधी स्पष्ट करायला हवे. शेतकऱ्याचे भले व्हावे, मुलींनी शिकावे, तरुणांच्या हाताला काम मिळावे, या इच्छा आहेत. त्यांना विरोध करणारा उमेदवार महाराष्ट्राच्या एकाही मतदारसंघात सापडणार नाही. दोन रास्त मागण्या एकमेकींसमोर उभ्या ठाकतात आणि उमेदवार सांगतो की आधी ही पुरी होईल, ती थांबेल, आणि का थांबेल, तेव्हा भूमिका सुरू होते. उमेदवाराने कोणाला तरी नाही म्हटल्याशिवाय त्याचे होकार समजत नाहीत. म्हणून प्रचारात त्याला विचारायचा पहिला प्रश्न आमच्या मते हाच: तुम्ही नाही कोणाला म्हणणार?

गोदावरीच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पैठणचे जायकवाडी धरण मराठवाड्याचा आधार आहे. त्याच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगर जिल्ह्यांत गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा अशी धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि जायकवाडी रिकामे राहते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ मध्ये आला आणि त्यात टंचाईच्या काळात खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यावी, हे समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व लिहिले गेले. पुढे मेंढेगिरी अभ्यासगटाने त्याचे कोष्टक मांडले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, असा नियम त्यातून रुळला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व उचलून धरले.

कागदावर हे नीट दिसते. २०२३ चा पावसाळा कमी पडला आणि ३० ऑक्टोबरला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश काढला. आदेश निघाला तरी पाणी लगेच सुटले नाही. वरच्या भागात विरोध, खालच्या भागात रास्ता रोको, न्यायालयात अर्ज असे सगळे झाल्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस धरणांची दारे उघडली. कोपरगाव, संगमनेर, राहुरीच्या ऊसवाल्याचे आणि निफाडच्या द्राक्षवाल्याचे म्हणणे खोटे नाही: कालव्याच्या आवर्तनावर त्याने पीक उभे केले आहे, कर्ज काढले आहे. पैठण, घनसावंगी, गेवराईच्या माणसाचे म्हणणेही खोटे नाही: त्याच्याकडे पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी आहे.

अशा वेळी पक्षाचा जाहीरनामा उपयोगी पडत नाही, कारण वर आणि खाली सगळ्याच पक्षांचे उमेदवार असतात. एकाच चिन्हावरचा उमेदवार संगमनेरच्या बाजूला 'आमच्या हक्काचे पाणी जाऊ देणार नाही' म्हणतो आणि त्याच चिन्हावरचा दुसरा जालन्याच्या बाजूला 'आमच्या हक्काचे पाणी आणू' म्हणतो. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात, आणि पाणी एकच असते. या प्रश्नावर सगळ्यांना सोयीचे एक उत्तरही तयार असते: कोकणात वाहून समुद्राला जाणारे पाणी उचलून गोदावरीत आणू, मग भांडणच उरणार नाही. योजना म्हणून तिचा विचार जरूर व्हावा. पण त्या पाण्याला बोगदे लागतील, उपसा लागेल, वीज लागेल, हजारो कोटी लागतील आणि अनेक वर्षे लागतील. येत्या ऑक्टोबरात जायकवाडी ४० टक्क्यांवर असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

वरच्या भागातल्या उमेदवाराने सांगायला हवे की कायदा आहे तोवर मी तो पाळायला लावीन, माझ्या लोकांना न पटले तरी सांगेन, आणि त्या बदल्यात उसाला ठिबक आणि नदीपात्रात मुरणारे पाणी वाचवायला बंद नलिका यांसाठी सभागृहात भांडेन. किंवा त्याने उघड म्हणावे की ६५ टक्क्यांची मर्यादा मला अन्यायाची वाटते आणि ती खाली आणण्यासाठी मी प्रयत्न करीन. ही मर्यादा ५८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस अलीकडे झालीही आहे, तेव्हा विषय जिवंत आहे. दोन्ही उत्तरे भूमिका आहेत, दोन्हींशी वाद घालता येतो. खालच्या भागातल्या उमेदवारालाही विचारायला हवे की जायकवाडीत आलेल्या पाण्यातले पिण्याला किती, उद्योगांना किती, आणि मराठवाड्यातल्या उसाला किती. समन्याय धरणाच्या भिंतीपाशी थांबत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेला शेतकरी हा प्रश्न कित्येक वर्षे विचारतो आहे.

पाण्यावर एवढे थांबलो, कारण पाणी मुख्यतः राज्याच्या अखत्यारीत येते आणि आमदाराच्या मताला तिथे खरे वजन आहे. अनेक विषयांत तसे नसते. सोयाबीन घ्या. २०२४ च्या प्रचारात भाजपने सोयाबीनला ६,००० रुपये क्विंटलचा शब्द दिला, काँग्रेसने ७,००० चा. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि बाजारात त्याहूनही कमी मिळत होते. हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवते. नाफेडची खरेदी केंद्राच्या योजनेतून होते, ओलाव्याची मर्यादा शिथिल करायची तरी दिल्लीची मंजुरी लागते. खाद्यतेलावरचे आयात शुल्कही केंद्राच्याच हातात: सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवर नेले, मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले. लातूरच्या बाजार समितीतल्या भावावर या निर्णयांचा जो परिणाम होतो तो आमदाराच्या भाषणाने होत नाही.

मग आमदाराच्या हाती काहीच नाही का? आहे. राज्य सरकार हमीभावावर बोनस देऊ शकते, किंवा मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये केली तशी भावांतर योजना आणू शकते. हिशेब साधा आहे. ४,८९२ आणि ६,००० यांत १,१०८ रुपयांचे अंतर. दहा लाख टन म्हणजे एक कोटी क्विंटल. म्हणजे दर दहा लाख टनांमागे १,१०८ कोटी रुपये. महाराष्ट्रात सोयाबीनचा पेरा सुमारे ५० लाख हेक्टरांवर असतो, तेव्हा एकूण रकमेचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बाजारभाव हमीभावाच्याही खाली गेला तर ती आणखी वाढते. ज्या उमेदवाराने ६,००० किंवा ७,००० चा आकडा उच्चारला त्याने ही रक्कम कोणत्या खात्यातून येणार हे सांगितले असते तर तो सोयाबीन उत्पादकाशी बरोबरीच्या नात्याने बोलला असता. आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा हटवण्याचे आश्वासनही याच जातीचे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती मर्यादा आली, २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा त्याच निकषावर रद्द झाला, आणि २० फेब्रुवारी २०२४ ला विधिमंडळाने एकमताने मंजूर केलेल्या १० टक्के आरक्षणाच्या कायद्यालाही त्याच आधारावर आव्हान दिले गेले. तामिळनाडूच्या ६९ टक्क्यांसाठी १९९४ मध्ये संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली होती. मुंबईच्या सभागृहात हात वर करून ही मर्यादा हटत नाही, हे मतदाराला सांगणे उमेदवाराचे काम आहे. आरक्षण मागणाऱ्या तरुणाच्या वेदनेचा मान राखायचा तर त्याला खरे सांगायला हवे.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत जास्त टाळला जातो, म्हणून तोही जरा सविस्तर पाहू. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली: २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या महिलांना महिना १,५०० रुपये. ज्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा कधी आला नाही तिच्यासाठी ही रक्कम काय आहे, हे शहरात बसून हिणवणाऱ्यांना कळत नाही. योजनेचा हेतू आम्हाला मान्य आहे. निवडणुकीत महायुतीने २,१०० चा आणि आघाडीने ३,००० चा शब्द दिला. १,५०० रुपये म्हणजे वर्षाला १८,०००. दोन कोटी महिला धरल्या तर ३६,००० कोटी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नेमकी तेवढीच तरतूद झाली. २,१०० केले तर ५०,४०० कोटी, ३,००० केले तर ७२,००० कोटी. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती आणि राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता.

पुढे काय झाले तेही समोर आहे. २,१०० चा शब्द त्या अर्थसंकल्पात उतरला नाही. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच सांगितले. म्हणजे नकार दिला गेला. तो दिला गेला आश्रमशाळेतल्या मुलीला, वसतिगृहाची वाट पाहणाऱ्या दलित विद्यार्थ्याला, आणि यादीतून नाव कमी झालेल्या काही लाख बायकांना. त्यांतल्या ज्या निकषांत बसत नव्हत्या त्यांची नावे निवडणुकीआधी का तपासली गेली नाहीत, हा प्रश्न उरतोच. हे नकार मतदानापूर्वी कोणी उच्चारले नाहीत आणि ते देण्याचा अधिकार मतदाराकडून कोणी मागितला नाही. आमची हरकत त्यालाच आहे.

खरे तर या बाबतीत आश्वासनाची किंमत आधी विचारायला कायद्याचा आधारही आहे. तामिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या वाटपावरून उभ्या राहिलेल्या सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. आदर्श आचारसंहितेत मग तसा भागच घातला गेला: आश्वासनामागचे तर्क आणि त्यासाठी पैसा कसा उभा करणार याची ढोबळ दिशा पक्षाने द्यावी. पक्ष ती देत नाहीत आणि त्यांना कोणी अडवत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही, उलट या राज्याने याचा उत्तम धडा घालून दिला आहे. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी लावून धरली. तिचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यात तासगाव भागात झाला आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. आम्हाला त्यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते हे की पैसा कुठून येणार हे दडवले गेले नाही. पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, विक्रीकरावर आणि मोटार वाहन करावर अधिभार आला, बागायती जमिनीवरही विशेष आकारणी आली, आणि या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबईतल्या कारकुनाने माणदेशातल्या मजुराच्या कामाचा पैसा भरावा, हे सभागृहात उघडपणे मांडले गेले आणि मान्य झाले. देशाचा रोजगार हमी कायदा यायला पुढे २००५ उजाडले. पागे आणि त्यांच्या काळातल्या आमदारांनी ज्याला लाभ द्यायचा त्याचे नाव घेतले आणि ज्याच्याकडून घ्यायचे त्याचेही घेतले. लोकांनी त्यासाठी त्यांना पाडले नाही. मतदाराला खरे सांगितले की तो उठून जातो, हा समज आपल्या राजकारण्यांनी फार सहज स्वीकारला आहे. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख आयुष्यभर शेतकरी कामगार पक्षात राहिले, त्यांचा पक्ष राज्यात आकसत गेला, आणि तरी दुष्काळी तालुक्याच्या पाण्याबद्दल हा माणूस काय म्हणेल याची सांगोल्याला कधी शंका नव्हती.

भूमिका घेतल्यावर ती टिकते का, हा पुढचा प्रश्न. नागपूर ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी असा ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग २०२४ च्या सुरुवातीला कागदावर उतरला. कोल्हापुरात सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर आले, लोकसभेला त्याचा फटका बसला, आणि विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातले भूसंपादन रद्द झाल्याची अधिसूचना निघाली. निवडणूक झाली. प्रकल्पाची हालचाल पुन्हा सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन व आखणीसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. महामार्ग हवा असे मानणारा उमेदवार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या काही भागांना त्याचा उपयोगही सांगता येईल. पण कोल्हापूर, सांगलीच्या मतदाराला मत देताना हा रस्ता होणार की नाही, आणि झाला तर आपला आमदार कुठे उभा राहील, हे माहीत असणे त्याचा हक्क होता. 'शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन निर्णय घेऊ' या वाक्यातून ते कळत नव्हते.

इथे पक्षादेशाची अडचण सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. फुटीर गटांना रोखायला आणलेला हा कायदा फुटी थोपवू शकला नाही, हे २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. एकट्याने प्रामाणिकपणे वेगळे मत देणारा आमदार मात्र त्यात पुरता अडकला. पक्षादेश केवळ सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरता ठेवावा, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. तो बदल व्हायला हवा. पण तो होईपर्यंतही आमदार मुका नसतो. पक्षादेश मतदानाला लागू होतो, प्रश्न विचारायला नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक ही साधने त्याच्या हाती आहेत. आश्वासन समिती आणि लोकलेखा समितीत बसून तो मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आणि खर्च झालेला पैसा दोन्ही तपासू शकतो. घटनेच्या मर्यादेनुसार २८८ च्या सभागृहात मंत्री जास्तीत जास्त ४३ होऊ शकतात. बाकी सगळ्यांचे काम हेच आहे. मात्र देशातल्या विधानसभा अलीकडे वर्षाला सरासरी वीस-बावीस दिवसच बसतात, हे ध्यानात घेतले की उमेदवाराला विचारायचा आणखी एक प्रश्न मिळतो: अधिवेशन वाढवावे, नागपूरचे अधिवेशन उरकू नये, यासाठी तुम्ही पक्षाच्या बैठकीत बोलाल का?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ते पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या आधी मांडले गेले होते. कोणत्या संघटनेला बेकायदा ठरवता येईल, कोणाला अटक होईल, हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. तरी प्रचारसभांत तो ठळक झाला नाही. डिसेंबरात विधेयक पुन्हा आले, संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, काही शब्द बदलले, आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार विनोद निकोले यांनी. विधेयक योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील. पण आवाजी मतदानात आपल्या आमदाराचा आवाज कोणता होता, हे बहुतेक मतदारसंघांना आजही ठाऊक नाही. पहिलीपासून हिंदीचा विषय तर निवडणुकीत कुठेच नव्हता: एप्रिल २०२५ मध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये सुधारित निघाला, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर २९ जूनला दोन्ही रद्द झाले. असे विषय आधी कळत नाहीत. पण मराठी शाळा का बंद पडतात आणि त्या टिकवायला सरकारने काय करावे, हे उमेदवाराला आधी विचारलेले असेल तर अशा वेळी तो कुठे उभा राहील याचा अंदाज बांधता येतो.

यातले काहीच विचारले जात नाही, कारण प्रचारात आमदाराचे काम म्हणून आपण दुसरेच काही मागतो. गटार, पथदिवे, सभामंडप, बस थांबा. यांतली बरीच कामे महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींची आहेत. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळी मुंबई-पुण्याच्या महापालिकांत दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता. नगरसेवकच नव्हते, म्हणून लोक आमदाराकडे जात होते, आणि त्यांचा दोष नव्हता. स्थानिक निवडणुका वेळेवर घ्यायला लावणे ही आमदाराची धोरणात्मक भूमिका असायला हवी होती. स्थानिक विकास कार्यक्रमातून आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात. त्या पाच कोटींतून झालेल्या कामांची यादी प्रत्येक कार्य अहवालात फोटोंसह असते. २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता आणि त्यावर त्याच आमदाराने मत दिले. औषध खरेदीचे काय झाले, असे त्याने किती वेळा विचारले? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. त्याच वर्षी राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्या कायद्याने आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधे वेळेवर येऊ लागली का, हे कार्य अहवालात पहिल्या पानावर यायला हवे.

पुढच्या निवडणुकीसाठी एक प्रश्न तारखेसह तयार आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी आहे; सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये. विधानसभेची पुढची निवडणूक नियमाप्रमाणे २०२९ च्या अखेरीस होईल, म्हणजे योजनेची मुदत संपल्यावर काही महिन्यांनी. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली होती आणि निवडणूक झाल्यावर पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली. तेव्हा २०२९ मध्ये दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे: ही वीज पुढे मोफत ठेवणार का? ठेवणार असाल तर महावितरणला हे पैसे कोण देणार, घरगुती ग्राहक, कारखाने की सरकारची तिजोरी? आणि पंप नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याला या १४,७६० कोटींतला एक रुपयाही मिळत नाही, तुम्ही काय सांगणार?